वाकड्या रेघा, काळे कोपरे आणि एकच बाजू पुसट: भिंगाचा दोष ओळखायचा कसा?

चौकट

नमस्कार मंडळी,

गेले काही आठवडे एका कामात गुंतलो आहे. घरातल्या संग्रहात हाताने काढलेले जुने नकाशे आहेत, त्यांचे फोटो काढून ठेवतो आहे. कागद इतका ठिसूळ झाला आहे की स्कॅनरच्या काचेवर दाबायची हिंमत होत नाही. म्हणून नकाशा उभ्या पाटीवर हलकेच बसवतो, दोन्ही बाजूंनी दिवे लावतो आणि ट्रायपॉडवरून फोटो घेतो. पुढे या फोटोंवरून अंतरं मोजली जाणार आहेत, त्यामुळे रेघ सरळ असणं इथे फक्त दिसण्यापुरतं नाही.

कॅमेरा फुल फ्रेम मिररलेस, २४ मेगापिक्सेल. लेन्स २४-७० झूम. अडचणी अशा:

२४ मिमीला नकाशाची चौकट बाहेर फुगते, ७० ला आत दबते. कोपरे काळपट येतात. कोपऱ्यातल्या बारीक काळ्या अक्षरांना एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळसर-हिरवी कड दिसते. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे उजवी बाजू डावीपेक्षा पुसट येते. एफ/२२ पर्यंत छिद्र लहान करून पाहिलं, तर सगळंच मऊ झालं.

सॉफ्टवेअरमध्ये 'लेन्स प्रोफाइल' या दुरुस्तीच्या पर्यायावर खूण केली की पहिल्या तीन गोष्टी बऱ्याच सुधारतात, पण कोपऱ्यांत दाणे उठतात. पुसट उजवी बाजू तशीच राहते. ही खूण नक्की काय करते? आणि चौथ्या अडचणीला ती हातच का लावत नाही?

---

कवडसा

चौकट, तुमच्या शेवटच्या प्रश्नातच सगळ्याचं उत्तर दडलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

भिंगाचे दोष मी मनात दोन गटांत ठेवतो. एका गटात प्रकाश सेन्सरवर नीट पोचलेला असतो, फक्त त्याची जागा चुकलेली असते किंवा तो कमी पडलेला असतो. वाकलेल्या रेघा, कोपऱ्यातल्या रंगीत कडा, काळे कोपरे हे सगळे या गटातले. दुसऱ्या गटात एका बिंदूतून निघालेला प्रकाश एका बिंदूत परत जमतच नाही. तो पसरतो आणि शेजारच्या बिंदूंच्या प्रकाशात मिसळून जातो. पहिला गट गणिताने बराचसा पूर्ववत करता येतो, कारण माहिती शाबूत असते. दुसऱ्यात ती मिसळून गेलेली असते. प्रोफाइल मुख्यतः पहिल्या गटावर काम करतं. तुमची उजवी बाजू दुसऱ्या गटातली आहे.

जर्मन गणिती लुडविग फॉन सायडेल यांनी १८५७ साली एकरंगी प्रकाशातल्या दोषांची पाच प्रकारांत मांडणी केली, ती आजही वापरात आहे: गोलीय विपथन (भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण वेगळ्या अंतरावर जमणं), कोमा (कडेचा बिंदू शेपटीसारखा ओढला जाणं), अॅस्टिग्मॅटिझम (बिंदूची एका दिशेला रेघ होणं), प्रतिमेच्या प्रतलाची वक्रता आणि डिस्टॉर्शन. या पाचांपैकी एकटं डिस्टॉर्शन प्रतिमा पुसट करत नाही, नुसती वाकवते. बाकीचे चारही पुसट करणारे आहेत. रंगांमुळे होणारे दोन दोष याशिवाय वेगळे.

आता डिस्टॉर्शनबद्दल. मध्यापासून कडेकडे जाताना भिंगाचं मोठेपण, म्हणजे ते प्रतिमा किती मोठी करतं ते, बदलत जातं, हे त्याचं मूळ. कडेला मोठेपण कमी झालं की रेघा पिंपासारख्या फुगतात, वाढलं की आत दबतात. झूममध्ये काचांचे गट सरकत असल्याने छिद्राच्या पुढची आणि मागची रचना बदलत राहते, म्हणून रुंद टोकाला फुगवटा आणि लांब टोकाला दाब हे झूमचं ठरलेलं वागणं आहे. काही लेन्समध्ये तर मध्यभागी फुगवटा आणि कडेला उलट वळण अशी मिशीसारखी रेघ येते. एकच स्लायडर सरकवून ती कधीच सरळ होत नाही, तिथे त्या लेन्सचं प्रोफाइलच हवं.

सॉफ्टवेअर करतं ते असं: दुरुस्त चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलसाठी मूळ चित्रातली जागा शोधतं. केंद्रापासूनच्या अंतराचं एक बहुपदी सूत्र असतं आणि त्यातले दोन-तीन गुणांक प्रत्येक लेन्ससाठी, प्रत्येक फोकल लेंग्थसाठी (२४, ७० मिमी वगैरे) आधी मोजून ठेवलेले असतात. फोकसचं अंतर बदललं की हे गुणांकही थोडे बदलतात. तुम्ही जवळून काम करता आणि बरीच प्रोफाइलं लांबच्या अंतरावर मोजलेली असतात, म्हणून खूण करूनही नकाशाची कड किंचित वाकडी राहू शकते. पट्टी लावून तपासा.

कोपऱ्यांतल्या अक्षरांच्या रंगीत कडा म्हणजे आडवं वर्णविपथन. लाल, हिरवी आणि निळी प्रतिमा किंचित वेगवेगळ्या आकाराची पडते. मध्यभागी तिन्ही एकमेकींवर बसतात, कोपऱ्यात सरकतात. छिद्र लहान केल्याने ते कमी होत नाही. उपाय सोपा आहे: लाल आणि निळी प्रतिमा हिरवीच्या मापाला ताणायची किंवा आकसायची. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, उघडणारं बहुतेक सॉफ्टवेअर हे फोटोतल्या कडा पाहून आपोआप करतं आणि छान करतं. ही दुरुस्ती मी कायम चालू ठेवतो.

---

पाऊलवाट

वाचनखूण साठवली. पण मला कोपऱ्यात नव्हे, मध्यभागीसुद्धा जांभळी कड दिसते. पानांच्या फटीतून आकाश दिसतं तिथे. आपोआप दुरुस्तीची खूण करूनही जात नाही. माझ्या सॉफ्टवेअरचा दोष आहे का?

---

कवडसा

नाही, सॉफ्टवेअर त्याचं काम बरोबर करतंय. तुम्हाला दिसतंय ते उभं वर्णविपथन, वेगळा दोष आहे. इथे प्रत्येक रंगाचा फोकस वेगळ्या अंतरावर जमतो. फोकसच्या पुढच्या वस्तूंना जांभळट आणि मागच्यांना हिरवट कड येते, ती चौकटीत कुठेही येऊ शकते. एफ/१.८ ला काढलेला फोटो एफ/४ ला पुन्हा काढून पाहा, जांभळेपणा बराच ओसरेल. ओसरला तर खात्री पटली. कोपऱ्यातल्या लाल-निळ्या कडा मात्र छिद्र बदलून हलत नाहीत. दोन्ही दोष ओळखायची माझी हीच खूण आहे.

राहिलेल्या जांभळ्यासाठी 'डीफ्रिंज' असतं. ते ठरावीक छटा शोधून तिचा रंग उतरवतं, एवढंच. खरोखर जांभळं फूल चौकटीत असेल तर त्याच्याही कडा फिक्या पडतात. म्हणून ब्रशने हवं तेवढ्याच भागावर लावा.

---

निरभ्र

वर्णविपथनाचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. काचेच्या भिंगातून हा दोष जाणार नाही असं न्यूटनला वाटत होतं, म्हणून त्याने १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण बनवली. पुढे १७३० च्या दशकात चेस्टर मूर हॉलने क्राउन आणि फ्लिंट या दोन जातींच्या काचा जोडून दोष बराच कमी करून दाखवला, आणि १७५८ मध्ये जॉन डॉलंडला अशा भिंगाचं पेटंट मिळालं. एका काचेने रंग जितके फाकवले तितके दुसरीने परत जवळ आणायचे, ही ती युक्ती. आजच्या लेन्सच्या वर्णनात 'कमी अपस्करणाची', म्हणजे रंग कमी फाकवणारी, काच असं वाचतो ना, ते याच विचाराचं पुढचं रूप आहे.

आता मूळ प्रश्न. चौकट, तुमच्या उजव्या बाजूला तीन कारणं असू शकतात: कॅमेरा नकाशाला समांतर नाही, लेन्समधली एखादी काच तिरकी किंवा सरकलेली आहे, किंवा माउंट (लेन्स बसते ते कडं) नाहीतर सेन्सर कलला आहे. एका फोटोवरून ही तीन वेगळी करता येत नाहीत. मी आकाशाचे फोटो काढतो, आणि तारा हा भिंगाचा सगळ्यात कठोर परीक्षक आहे, त्यामुळे या चाचण्या मला फार कराव्या लागल्या आहेत.

आधी समांतरपणा. नकाशाच्या जागी पाटीवर मध्यभागी एक छोटा सपाट आरसा चिकटवा. व्ह्यूफाइंडरमधून बघत कॅमेरा असा हलवा की आरशात आपल्याच लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर येईल. आलं की तुम्ही पाटीला काटकोनात आहात. स्पिरिट लेव्हलपेक्षा ही पद्धत कितीतरी नेमकी आहे, कारण पाटी स्वतः कललेली असली तरी चालते.

मग नकाशाऐवजी बारीक छापलेल्या मजकुराची पानं चारही कोपऱ्यांत लावा. सर्वांत मोठ्या छिद्राला एक फोटो घ्या. नंतर कॅमेरा १८० अंशांत उलटा करा, आरसा लावून पुन्हा जुळवा, दुसरा फोटो घ्या. पुसटपणा पाटीच्या उजव्याच बाजूला राहिला तर मांडणीची चूक. तो पाटीच्या डाव्या बाजूला गेला, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर फिरला, तर दोष कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये. मग दुसरी कुठलीही लेन्स लावून हेच करा. तिच्यात दोष दिसला नाही की पहिली लेन्स पकडली गेली.

---

तळटीप

निरभ्र यांच्या चाचणीला +१. एकच पुस्ती. प्रत्येक फोटोआधी फोकस नव्याने आणि मध्यावरच करा, आणि प्रत्येक जागेवर निदान तीन फोटो घ्या. एका फोटोवरून लेन्सला दोष देऊ नये.

आणि एफ/२२ चं. सपाट नकाशाला फोकसची एवढी खोली लागतच नाही. छिद्र लहान होत गेलं की प्रकाशाचं विवर्तन वाढतं आणि बिंदूची तबकडी होते. हिरव्या प्रकाशाला एफ/८ वर तिचा व्यास साधारण १०.७ मायक्रॉन, एफ/२२ वर साधारण २९.५. तुमच्या सेन्सरचा पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा. म्हणजे एफ/२२ वर एक बिंदू पाच पिक्सेलांच्या रुंदीवर पसरतो. लेन्स कितीही उत्तम असली तरी हे टळत नाही. एफ/५.६ ते एफ/८ मध्ये राहा.

प्रोफाइलबद्दल माझं मत कवडसा यांच्यापेक्षा कडक आहे. डिस्टॉर्शन दुरुस्त करताना चित्र ताणलं जातं, नवे पिक्सेल शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरले जातात आणि कडेची धार थोडी तरी जाते. फुगवटा काढताना सर्वाधिक ताण कोपऱ्यांवर येतो, म्हणजे जिथे लेन्स आधीच कमकुवत आहे तिथेच. मोजमापाच्या कामाला झूम वापरूच नये. ५० मिमीच्या आसपासची मॅक्रो, म्हणजे जवळून फोटो काढण्यासाठीची, लेन्स घ्या. अनेक मॅक्रोंची रचना छिद्राच्या दोन्ही बाजूंना बरीच सममित असते. सममितीमुळे डिस्टॉर्शन, कोमा आणि आडवं वर्णविपथन हे तीन दोष पुढच्या-मागच्या अर्ध्यांत एकमेकांना जवळजवळ मारतात. शिवाय त्या सपाट वस्तूसाठीच घडवलेल्या असतात.

---

कवडसा

तळटीप, मॅक्रोबद्दल पूर्ण सहमत. पण एक गोष्ट मांडतो. आज बऱ्याच मिररलेस लेन्स सॉफ्टवेअर दुरुस्ती धरूनच आखलेल्या असतात. मायक्रो फोर थर्ड्स (मिररलेस कॅमेरा-लेन्सचा एक प्रकार) २००८ मध्ये आलं तेव्हापासून दुरुस्तीचे गुणांक रॉ फाइलमध्येच लिहिले जातात आणि अनेक सॉफ्टवेअर न विचारता ते लावतात. डिस्टॉर्शन सॉफ्टवेअरवर सोपवलं की आखणी करणाऱ्याला पुसटपणाच्या दोषांवर जास्त लक्ष देता येतं. हा सौदा मला प्रामाणिक वाटतो, कारण जे गणिताने परत मिळतं ते सोडून जे परत मिळत नाही ते काचेने सांभाळलं जातं. फक्त वापरणाऱ्याला ते माहीत असायला हवं. काही रुंद लेन्सची दुरुस्ती बंद केली तर कोपरे अक्षरशः रिकामे काळे दिसतात, तिथे प्रकाश पोचलेलाच नसतो.

काळ्या कोपऱ्यांचं राहिलं होतं. त्याची कारणं एकाहून जास्त असतात. लेन्सच्या नळीने तिरक्या किरणांना अडवणं हे एक, ते छिद्र दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) लहान केलं की बहुतेक जातं. दुसरं नैसर्गिक, ते छिद्राने जात नाही: तिरक्या किरणांचा प्रकाश कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने कमी होतो. साध्या रचनेच्या २४ मिमी लेन्ससाठी फुल फ्रेमच्या कोपऱ्याचा कोन सुमारे ४२ अंश, म्हणजे मध्याच्या जेमतेम ३० टक्के प्रकाश. ५० मिमीला तोच आकडा ७० टक्क्यांच्या आसपास. प्रत्यक्षातल्या रुंद लेन्स मागची काच सेन्सरपासून लांब ठेवून हे बरंच सावरतात. तिसरं कारण आपलंच असतं, जाड फिल्टर किंवा चुकीचं हूड.

दुरुस्ती म्हणजे कोपऱ्याचा प्रकाश गुणून वाढवणं. दोन स्टॉप वाढवला की संकेताबरोबर गोंगाटही चौपट होतो, तुम्हाला दिसले ते दाणे हेच. रॉ घेताना आयएसओ सर्वात कमी आणि एक्सपोजर भरपूर ठेवा.

पण तुमच्या बाबतीत सगळा काळपटपणा लेन्सचाच आहे असं मी धरणार नाही. दोन दिव्यांचा प्रकाश पाटीवर कधीच सारखा पडत नाही. प्रोफाइलला दिव्यांबद्दल काही कळत नाही. त्यासाठी सपाट-पट पद्धत वापरा: नकाशा काढून त्याच जागी कोरा पांढरा मॅट कागद लावा, दिवे, छिद्र, फोकस काहीही न बदलता त्याचा फोटो घ्या, आणि त्या फोटोने नकाशाच्या फोटोला भागा. रॉथेरपी या सॉफ्टवेअरमध्ये 'फ्लॅट फील्ड' नावाने ही सोय आहे. यात लेन्सचा काळपटपणा आणि दिव्यांचा असमानपणा दोन्ही एका दमात जातात. मात्र मग प्रोफाइलमधली विग्नेटिंगची (काळ्या कोपऱ्यांच्या दुरुस्तीची) खूण काढून टाका, नाहीतर तीच दुरुस्ती दोनदा होऊन कोपरे उजळ होतील.

---

पाऊलवाट

आणखी एक शंका. २४ मिमीने मोठ्या गटाचा फोटो काढला. प्रोफाइल लावलं, मागची भिंत अगदी सरळ झाली, पण टोकाला उभ्या असलेल्यांचे चेहरे बाजूला ओढल्यासारखे लांबट दिसतात. प्रोफाइलने चेहरे बिघडवले का?

---

निरभ्र

हा दोष लेन्सचा नाहीच! सरळ रेघ सरळ ठेवायची हा नियम पाळला की त्याची ही किंमत मोजावी लागते. सपाट सेन्सरवर कडेला असलेला गोल चेंडू लंबगोल उमटतो, आणि तो किती लांबट होईल ते फक्त कोनावर ठरतं. २४ मिमीच्या टोकाच्या कोपऱ्यात तो साधारण १.३५ पट लांबट होतो, लेन्स निर्दोष असली तरी. उलट दुरुस्तीआधीचा फुगवटा चेहऱ्यांना थोडा सांभाळून घेत होता. म्हणून माणसांच्या फोटोत मी डिस्टॉर्शनची दुरुस्ती अर्धीच लावतो किंवा लावतच नाही. सरळ भिंत कुणी बघत नाही, चेहरा सगळे बघतात. जमेल तेव्हा मागे सरकून ३५ किंवा ५० ने काढा.

इमारती वरच्या बाजूला निमुळत्या होतात तेही लेन्सचं पाप नाही, कॅमेरा वर कलवल्यामुळे होतं. त्याची दुरुस्ती वेगळी, आणि ती डिस्टॉर्शनच्या नंतर करायची.

---

चौकट

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस चाचण्यांतच गेले.

आरशाची चाचणी आधी केली आणि धक्काच बसला. लेव्हलचा बुडबुडा मध्यावर असूनही माझा कॅमेरा बराच तिरका होता, कारण पाटीच मागे झुकलेली होती. तो तिरकेपणा काढल्यावर पुसटपणा कमी झाला, पण गेला नाही. मग कॅमेरा उलटा केला. पुसट बाजू पाटीच्या डावीकडे गेली. तीन-तीन फोटो घेतले, प्रत्येक वेळी तेच. जुनी ५० मिमीची मॅक्रो लावली, दोन्ही बाजू सारख्या. म्हणजे झूमच.

वाईट याचं वाटतं की हीच लेन्स मी पूर्वी एकदा सेवा केंद्रात दाखवली होती आणि 'मर्यादेत आहे' एवढं सांगून परत मिळाली होती. तेव्हा माझ्याकडे दाखवायला नुसती तक्रार होती. आता सहा फोटो आहेत. पण एक विचारायचं राहिलं: हा पुसटपणा सॉफ्टवेअरने शार्प करून भरता येणारच नाही का? काढलेले चाळीसेक नकाशे पुन्हा मांडायचे म्हणजे ठिसूळ कागदांना पुन्हा हात लावायचा.

---

निरभ्र

तुमची तळमळ कळते. याला हबल दुर्बिणीचं उदाहरण देतो. १९९० मध्ये ती वर गेली आणि कळलं की तिच्या मुख्य आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेली आहे. गोलीय विपथन, अगदी पुस्तकातलं. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्तीची उपकरणं बसवली, पण मधल्या काळात शास्त्रज्ञांनी गणिताने प्रतिमा सावरल्या होत्या. ते जमलं कारण बिंदू कसा पसरतो हे त्यांना मोजता येत होतं. तरीही अंधूक वस्तूंचा तपशील गणिताने परत आला नाही, त्यासाठी शेवटी प्रकाशाच्या वाटेतच दुरुस्ती करावी लागली.

तुमच्या लेन्समध्ये बिंदूचा पसरण्याचा आकार डावीकडून उजवीकडे, झूमच्या प्रत्येक स्थितीत बदलतो आहे. डीकन्व्होल्यूशन शार्पनिंग, म्हणजे पसरलेला बिंदू गणिताने परत गोळा करणं, थोडी धार आणेल, अक्षरं वाचायला मदत होईल. पण ज्या दोन बारीक रेघा मिसळून एक झाल्या आहेत त्या वेगळ्या होणार नाहीत. कधीकधी तर नसलेली रेघ उमटते, आणि नकाशात ते घातक आहे.

---

तळटीप

सगळे चाळीस पुन्हा काढू नका. प्रत्येक फोटोची उजवी पट्टी १०० टक्क्यांवर बघा. जिथे बारीक मजकूर किंवा सीमारेषा आहेत तेवढेच नकाशे बाजूला काढा. उजवीकडे कोरा समास असेल तर तो फोटो चालेल.

झूमने काढलेले जे ठेवाल त्यांचा क्रम असा ठेवा: रॉवर आधी वर्णविपथन आणि सपाट-पट, मग डिस्टॉर्शन, मग कोन सरळ करणं, त्यानंतर कापणं, आणि शार्पनिंग सगळ्यात शेवटी. आधी कापू नका. डिस्टॉर्शनचं सूत्र चित्राच्या केंद्रापासून मोजतं, आणि बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये कापलेलं चित्र दिलं तर केंद्रच चुकतं.

---

चौकट

तसंच केलं. चाळीसपैकी अकरा नकाशे पुन्हा काढावे लागले. मॅक्रो, एफ/८, कोऱ्या कागदाचा फोटो प्रत्येक सत्रात वेगळा. स्टीलची पट्टी चारही कडांना लावून पाहिली. ७० मिमीच्या झूममध्ये डोळ्यांना दिसणारा दाब होता. मॅक्रोत सहा हजार पिक्सेलांच्या लांबीत कड तीन-चार पिक्सेल हलते. कोपऱ्यांत दाणे नाहीत. एका नकाशाच्या उजव्या तळाला बारीक अक्षरांत मोजणीचं एकक लिहिलेलं आहे, ते झूमच्या फोटोत नुसता डाग वाटत होतं. आज पहिल्यांदा वाचता आलं.

झूम सहा फोटोंसह पुन्हा सेवा केंद्राकडे गेली आहे. या वेळी त्यांनी फोटो बघून ती ठेवून घेतली.

---

कवडसा

ते एकक वाचता आलं हे वाचून फार बरं वाटलं. पुढच्या प्रत्येक नकाशासोबत चौकटीतच, कडेला एक आडवी आणि एक उभी पट्टी ठेवा. उद्या कुणी मोजायला बसलं तर तुमच्या दुरुस्तीवर विसंबावं लागणार नाही, त्याला स्वतः तपासता येईल. आणि आरसा पाटीजवळच ठेवा, ट्रायपॉडचं डोकं कॅमेऱ्याच्या वजनाने हळूहळू खाली येतं.